क्लबची किल्ली कुणाच्या खिशात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दक्षिण नागपुरातल्या एका ले-आउटमधून 63 वर्षांच्या निवृत्त गृहस्थांनी लिहिलं आहे. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी शेजारच्या सहा जणांना घेऊन मुलांसाठी एक क्लब काढला. संध्याकाळी कबड्डी, खो-खो, एक छोटी अभ्यासिका, उन्हाळी शिबिर, तान्हा पोळा, कोजागिरी. आज त्यात 11 ते 17 वयाची चाळीसेक मुलं, कॉलेजात जाणारी आठ-नऊ पोरं-पोरी आणि डझनभर मोठी माणसं आहेत. यंदा मे महिन्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि ते दोन महिने पुण्याला मुलीकडे राहिले. परत येऊन पाहतात तर क्लबला कुलूप. मग तान्हा पोळा त्यांनी घरी बसून चाळीस फोन करून कसाबसा उरकला. गेल्या वर्षी बाहेरून प्रशिक्षक बोलावून दोन दिवसांचं नेतृत्व शिबिरही घेतलं होतं. 18,000 रुपये गेले, ‘फरक शून्य’. आता वॉर्डातले एक पुढारी क्लब ‘दत्तक’ घ्यायला तयार आहेत. नाहीतर 24 वर्षांचा एक मुलगा आहे, तडफदार पण ‘हिशोबाला कच्चा’. किंवा 45 वर्षांचे एक सहकारी आहेत, ‘सांगितलेलं चोख करतील, स्वतःहून पाऊल उचलणार नाहीत’. ‘आजच्या पिढीला जबाबदारी नको आहे. क्लब कुणाच्या हाती देऊ, की सरळ बंद करू?’ असं ते विचारतात.

नमस्कार भाऊ,

आधी तब्येतीचं. अँजिओप्लास्टीनंतर चार महिन्यांच्या आत चाळीस फोन करून तान्हा पोळा उभा केलात, हे वाचून कौतुक वाटायच्या आधी मला घाम फुटला. गोळ्या वेळेवर घ्या, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच करा. आता क्लबचं बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती आणि एका वाक्याखाली रेघ ओढली गेली: ‘निघताना गडबडीत क्लबची किल्ली माझ्या खिशातच राहिली.’ तुम्ही हे जाता जाता लिहिलंय आणि पुढे लगेच दीड पान पोरांच्या बेजबाबदारपणावर आहे. सतरा वर्षांचा क्लब, साठेक माणसं आणि कुलपाला किल्ली एकच. पुण्याहून नागपूरला कुरिअर दोन-तीन दिवसांत येतं. तुम्ही पाठवली नाही, इकडून कुणी मागितली नाही. दोन महिने मुलं संध्याकाळी यायची, कुलूप बघायची आणि घरी जायची. कुणी दगड घेऊन कुलूप फोडलं नाही, ही तुमची शिस्त म्हणू. पण ‘काका, किल्ली पाठवा, आम्ही उघडतो’ असा एक फोन करणंही कुणाला सुचलं नाही, ती शिस्त कुणी लावली?

रागावू नका. पोरांना जबाबदारी नको आहे हे तुमचं म्हणणं मी आहे तसं मान्य करायला तयार नाही, कारण त्याच्या विरोधातला पुरावा तुमच्याच पत्रात आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तुमच्या क्लबची सहा पोरं कुणी न सांगता तिकडे धावली. एका आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी घराबाहेर काढलं, दोन दिवस पाण्याच्या कॅन वाटल्या. तुम्ही लिहिता, ‘तिथे पळाले, पण क्लबच्या कामाला हजार वेळा सांगावं लागतं.’ मला वाटतं, तिथे पळाले कारण तिथे विचारायला कुणी नव्हतं. कुठल्या गल्लीत आधी जायचं, खुर्ची कुणी धरायची, कॅन संपल्या तर कुणाकडे जायचं, हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवलं. क्लबात त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, तेही तुम्हीच चिडून लिहिलंय: ‘काकाले विचारून सांगतो.’

काम देणं वेगळं आणि निर्णय देणं वेगळं. तुम्ही सतरा वर्षं भरपूर काम वाटलंत. निर्णय मात्र त्या किल्लीसारखे खिशातच राहिले.

त्या 18,000 रुपयांच्या शिबिराचंच पाहा. प्रशिक्षकाने माइकवर बोलायला शिकवलं, ‘स्वतःची ओळख तीन मिनिटांत’ वगैरे. वाईट नाही ते. पण पुढारपण म्हणजे स्टेजवर बोलणं, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. शिबिर रविवारी संपलं. सोमवारी त्याच पोरांना काय काम मिळालं? तुमच्याच शब्दांत, ‘शिबिराच्या सतरंज्या झटकून ठेवायलाही दोघंच आले.’ दोन दिवस त्यांना नेता म्हणायचं आणि तिसऱ्या दिवशी सतरंजी द्यायची, मग उरलेले कशाला येतील? सतरंजी झटकणं कमीपणाचं आहे असं नाही. पण पुढच्या शिबिरात सतरंज्या हव्यात की खुर्च्या, एवढंही त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

तान्ह्या पोळ्याचं तुम्ही प्रेमाने लिहिलंय, म्हणून त्याच्यावर थोडं थांबते. नागपूरकरांना सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी: मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघरी बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. राजे रघुजी भोसल्यांच्या काळापासूनचा हा सण खास लेकरांसाठी काढलेला. आता तुमच्या यंदाच्या कार्यक्रमाचं वर्णन पाहा. मांडव मोठ्यांनी ठरवला. गट मोठ्यांनी पाडले. परीक्षक तीन, तिघांचं वय पन्नाशीच्या पुढे. बक्षिसं मोठ्यांनी आणली. शेवटी सातवीतल्या एका मुलीने आभार मानले, तेही तुमच्या अक्षरातल्या कागदावरून. लेकरांनी काय केलं? नंदी धरून उभी राहिली. फोटो छान आले असतील.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. पहिलीवर मोठी माणसं मुलांना आपल्या हेतूसाठी वापरतात, दुसरीवर मुलं सजावटीपुरती असतात, तिसरीवर नावापुरती. वर चढावं तसं मुलांना माहिती मिळते, त्यांचं मत विचारलं जातं, ती मोठ्यांच्या बरोबरीने ठरवू लागतात. आभाराचा तुमचा कागद मी तिसऱ्या पायरीवर ठेवीन. आपली बहुतेक मंडळं तिथेच असतात, एकट्या तुमचं ते पाप नाही.

परदेशातलंच आणखी एक सांगते, कारण ते तुमच्या क्लबच्या फार जवळचं आहे. अमेरिकेत फोर-एच नावाचे मुलांचे क्लब आहेत, 1902 मध्ये ओहायो राज्यात शेतकऱ्यांच्या मुलांपासून सुरुवात झाली, मका आणि टोमॅटो लावण्यापासून. तिथल्या कृषी संशोधकांच्या लक्षात आलं होतं की नवं बियाणं, नवी पद्धत बाप माणसं सहज स्वीकारत नाहीत, पण पोरं करून बघतात आणि मग पोरांचं पीक पाहून बाप शिकतात. त्या क्लबांच्या सभेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलंच असतात. मोठी माणसं बाजूला बसतात, विचारलं तर सांगतात. वर्षभर खजिनदार राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला हिशोबावर भाषण द्यावं लागत नाही. आपल्याकडे मक्याऐवजी कबड्डी आहे, एवढाच फरक समजा.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्याच शहरात हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला. पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहून त्यांना ते सुचलं, ही गोष्ट नागपुरात अनेकांना ठाऊक आहे. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे खेळलेल्यांतूनच पुढे प्रशिक्षक तयार झाले. कालचा खेळाडू आज शिट्टी घेऊन उभा असला की लहान पोरांना पुढची पायरी डोळ्यांसमोर दिसते. तुमच्या क्लबात सतरावं वर्ष संपलं की पोरगा काय होतो? ‘कॉलेजला गेला की दिसत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. त्याला दिसण्यासारखी जागाच ठेवलेली नाही, भाऊ. दहावी-अकरावीपासून त्याच्या हाती लहानांची एक तुकडी द्या. स्काउटमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ हेच चालतं, सहा-आठ पोरांची तुकडी आणि नायक त्यांच्यातलाच. तुमच्या चाळीस मुलांच्या सहा तुकड्या होतील. म्हणजे सहा नायक आणि सहा उपनायक. आत्ता एक आहे.

आता त्या 24 वर्षांच्या मुलाकडे येते. तुम्ही लिहिलंय की कबड्डीच्या सामन्यांत त्याने ठरल्यापेक्षा 3,200 रुपये जास्त खर्च केले, म्हणून तुम्ही हिशोबाची वही काढून घेतली. त्यानंतर तो ‘येतो, पण मन नाही’.

मी एकोणीस वर्षांची असताना नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीच्या मंडळाने कोजागिरीचं दूध माझ्याकडे दिलं होतं. माणसं दोनशे, माणशी अर्धा पेला धरून 20 लिटर. मी हुशारी केली, संध्याकाळी धावपळ नको म्हणून दूध दुपारी तीनलाच मागवलं आणि कॅन मांडवाच्या कापडाखाली ठेवल्या. ऑक्टोबरातलं नागपूर तुम्हाला माहीत आहे. रात्री आठला पातेलं चुलीवर चढलं, दूध तापलं आणि माझ्या डोळ्यांदेखत फाटलं. बदाम-पिस्त्याचे काप वाटीत तसेच. मी रडायला लागले. मंडळाच्या हिशोब पाहणाऱ्या काकू आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “रडून दूध सुधरते का? पैसे कितीक उरले ते सांग.” मी सांगितलं. “मग आता काय करतं?” त्या वाट बघत उभ्या राहिल्या. स्वतः काही सुचवलं नाही. मी एका पोराच्या लुनावर मागे बसून इतवारीपर्यंत दुकानं पालथी घातली, 11 लिटर मिळालं. चंद्र डोक्यावर आला तेव्हा प्रत्येकाला दोन-दोन घोट वाटले. फाटलेल्या दुधाचा काकूंनी दुसऱ्या दिवशी कलाकंद केला आणि गल्लीभर वाटताना माझं नाव एकदाही घेतलं नाही. पुढच्या वर्षी मंडळाची बैठक झाली. दुधाचा विषय निघाला. एक काका म्हणाले, यंदा दुसऱ्या कुणाला देऊ. काकू म्हणाल्या, “काहून? दुपारी दूध आणू नये हे या मंडळात फक्त हिलेच माहीत आहे.”

मी आजवर जे काही थोडंफार सांभाळलं, त्याचं मूळ त्या दुसऱ्या वर्षाच्या दुधात आहे. पहिल्या वर्षी वही काढून घेतली असती, तर मी शिकले असते ते एवढंच की मला जमत नाही.

म्हणून 3,200 रुपये तुम्ही फी समजा. ते कशावर गेले, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. विचारलं तरी होतंत का? पाहुण्या संघाला जेवण दिलं असेल, पंचांचं मानधन ऐन वेळी वाढलं असेल. कदाचित खरंच उधळपट्टी असेल. पण हे त्याच्या तोंडून ऐकायला हवं, आणि पुढच्या वेळी मर्यादा आधीच ठरवायला हवी: इतक्या रकमेपर्यंत कुणालाही न विचारता खर्च कर, त्यापुढे खजिनदाराला एक फोन, आणि पावती नसलेला रुपया स्वतःच्या खिशातून. हा नियम सगळ्यांना सारखा, तुम्हालाही.

45 वर्षांच्या सहकाऱ्यांबद्दल तुम्ही थोडं कमी लिहिलंय आणि मला वाटतं तिथेच खरी गोम आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी उन्हाळी शिबिर सकाळी साडेसहाला सुरू करायचं ठरवलं होतं, उन्हाआधी संपावं म्हणून. तुम्ही ते परत आठ केलंत, कारण ‘पहिल्यापासून आठच आहे’. मे महिन्यातल्या नागपुरात 45 अंशांकडे पारा सरकत असताना साडेसहाचं म्हणणं बरोबर होतं हो! त्यानंतर त्यांनी पाऊल उचललं नाही. शहाणा माणूस एकदाच भाजून घेतो.

पोरांना तयार करण्याबद्दल सगळे बोलतात. मोठ्या कार्यकर्त्यांना तयार करणं मला त्याहून अवघड वाटतं. पोरगं चुकलं तर दुसऱ्या दिवशी विसरतं. पंचेचाळिशीचा माणूस चारचौघांत चुकीचा ठरला की ले-आउटमध्ये त्याची मान खाली जाते, म्हणून तो सांगितल्यापुरतंच करतो. त्याला सुधारायचं असेल तर बाजूला घेऊन, चहाच्या टपरीवर. बैठकीत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही. आणि त्याला ‘मदत कराल ना?’ असं विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडे नाही म्हणता येत नाही, मग हो म्हणून माणूस गायब होतो. ‘आठवड्यातले किती तास, आणि कधीपर्यंत?’ असं विचारा. दोन तास, दिवाळीपर्यंत, हे ठरलेलं उत्तर बेमुदत उत्साहापेक्षा जास्त टिकतं. मुदत संपली की आभार मानून मोकळं करा किंवा पुन्हा विचारा. सोडून जायचा सन्मानाचा रस्ता असला तर माणसं यायला घाबरत नाहीत.

मुलांमध्ये काम करणाऱ्या मोठ्या माणसाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे गप्प बसणं. पोराने ‘काका, बॅनर कोणत्या रंगाचा?’ विचारलं की उत्तर जिभेवर येतं. ते गिळून ‘तुला काय वाटतं?’ म्हणायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. बहुतेक पोरं सातव्या आकड्याला बोलतात. तुमच्या डझनभर कार्यकर्त्यांना एका रविवारी बसवून एवढंच शिकवलंत तरी 18,000 च्या शिबिरापेक्षा उपयोग होईल. आणि पोहे-चहाचा खर्च सोडला तर फुकट.

पोह्यांवरून आठवलं. तुमच्या पत्रात एक ओळ आहे: ‘नाश्त्याचं महिला मंडळ बघतं.’ सतरा वर्षं पोरांचा नाश्ता ठरल्या पैशांत, ठरल्या वेळी, वाया न घालवता होतोय. सामान कुठून घ्यायचं, कुणाला बोलवायचं, आयत्या वेळी वीस पोरं वाढली तर काय, हे सगळं त्या बायका तुम्हाला एकही फोन न करता निभावतात. तुमच्या क्लबात स्वतंत्र निर्णय घेणारा हा एकच विभाग दिसतो मला. आणि वारसदार म्हणून तुमच्या मनात तीन नावं आहेत, तिन्ही पुरुषांची. त्या बायकांपैकी कार्यकारिणीत किती आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी अंदाज बांधू शकते. नववीनंतर मुली येणं बंद होतात अशी तुमची तक्रार आहे ना? वर बसलेल्या माणसांत त्यांना त्यांच्यासारखं कुणी दिसू द्या. आणि सुटण्याची वेळ साडेसातची साडेसहा केली तर किती येतील, हे त्यांच्या आयांना विचारून बघा.

मग क्लब कुणाच्या हाती द्यायचा? माझं म्हणणं, कुणा एकाच्या हाती देऊच नका. एका खिशातली किल्ली दुसऱ्या खिशात गेली तर वीस वर्षांनी तो 24 वर्षांचा मुलगा मला असंच पत्र लिहील. खेळ त्याच्याकडे आणि सोबत तुमचे 45 वर्षांचे सहकारी, अशी जोडी लावा. एकाची घाई आणि दुसऱ्याचा संकोच एकमेकांना जरा आवर घालतील. पैसा महिला मंडळातल्या एखाद्या ताईंकडे. अभ्यासिका कॉलेजातल्या पोरींकडे. पदं एका वर्षाची ठेवा, सलग दोन वर्षांच्या वर कुणी नको. बैठकीचं इतिवृत्त एखाद्या चौदा वर्षांच्या पोराला लिहू द्या, शुद्धलेखन तपासू नका.

पुढाऱ्यांचा प्रस्ताव मला नको वाटतो. पैसा घेण्यात वाईट काही नाही. पावती देऊन देणगी घ्या, कार्यक्रमात आभार माना. पण ‘दत्तक’ म्हणजे नाव कुणाचं, बॅनरवर फोटो कुणाचा आणि निवडणुकीच्या मोसमात पोरं कुणाच्या रॅलीत, हे आधी कागदावर येऊ द्या. कागदाचं नाव काढताच प्रस्ताव थंडावला तर उत्तर मिळालंच. शिवाय पोरांना निर्णय घ्यायला शिकवायचं असेल तर आणखी एक मोठा निर्णय घेणारा वर आणून बसवण्यात काय मतलब?

बंद करण्याबद्दल इतकंच, की आत्ता नको. वर्षभराने विचारा.

एक कोरडं पण गरजेचं काम. तुमच्या सात विश्वस्तांपैकी दोघं वारले आणि नावं अजून तशीच आहेत, असं तुम्ही म्हणता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यावा लागतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडतात. परिशिष्ट एकचा उतारा काढून आज कागदावर कोण आहे ते बघा, एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा आणि त्या दोन जागा भरताना 18 वर्षं पूर्ण झालेली तरुण मंडळी घ्या. आपल्याकडची कितीतरी मंडळं प्रत्यक्षात तरुण असतात आणि कागदावर स्वर्गवासी. बँकेतल्या सह्याही याच वेळी बदला, कुणाही दोघांच्या सहीने चालेल अशा.

सगळंच मात्र पोरांवर सोडू नका. तलावाची सहल, मे महिन्यातल्या दुपारचे सामने, रात्रीचा मुक्काम, रोख रक्कम घेऊन दुचाकीवर फिरणं, यांवर नाही म्हणायचा अधिकार मोठ्यांकडेच हवा आणि तो का वापरला हे पोरांना सांगायला हवं. कुणीही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा असणार नाही, हा नियम आजपासून, अगदी तुमच्यापासून. त्यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न येत नाही. आणि लैंगिक त्रासाची काही गोष्ट कानावर आली तर ती क्लबात मिटवायची नसते. पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर अभ्यासिकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मुलांना दिसेल अशा उंचीवर.

सुरुवात कुठून? कोजागिरी तोंडावर आहे. ती पूर्ण द्या, म्हणजे रक्कम, तारीख, जागा, यादी, सगळं. तुमच्याकडे काहीही नाही. बैठकीला उशिरा जा आणि मागच्या खुर्चीवर बसा, शक्य झालं तर जाऊच नका. दूध दुपारी मागवत असतील तर एकदा सांगा हवं तर, माझी आठवण काढून. कार्यक्रम झाला की दोन दिवसांच्या आत सगळ्यांना दहा मिनिटं गोल बसवा: काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी काय वेगळं करू. आधी सगळ्यात लहानाने बोलायचं, सगळ्यात शेवटी तुम्ही, आणि तेही एखादंच वाक्य. या दहा मिनिटांत जितकं शिकणं होतं तितकं कार्यक्रमातही होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याआधी दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लहान लहान गट जेवणाचे, पाण्याचे स्टॉल लावतात. मोठ्या पोरांना तिथे घेऊन जा, एखाद्या स्टॉलवर दिवसभर हात लावू द्या. लाखोंची गर्दी असताना भात संपला की कोण कुणाकडे बघतं, हे त्यांना स्वतः पाहू दे.

कोजागिरी थोडी बिघडेल. बिघडू द्या. ले-आउटमधलं कुणीतरी तुम्हाला गाठून म्हणेल, ‘तुमच्या वेळी असं नव्हतं हो.’ हे ऐकायला किती गोड वाटेल याची मला कल्पना आहे, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्या गोडव्याचीच वाटते. तुमच्या पत्राच्या शेवटी एक वाक्य खोडलेलं आहे. पण वाचता येतं: ‘मग मी काय करू?’ ते तुम्ही क्लबबद्दल लिहिलं नव्हतंत. सतरा वर्षं संध्याकाळी साडेपाचला घरातून निघणारा माणूस साडेपाचला घरी बसून काय करेल, हा प्रश्न खरा आहे आणि तो मी दोन ओळींत निकालात काढणार नाही. वहिनींशी बोला. पुण्याच्या लेकीशी बोला. क्लबातही तुमच्यासाठी काम आहे, पण ते वेगळं आहे: नव्या खजिनदार ताई पहिल्यांदा ताळेबंद घेऊन बसतील तेव्हा शेजारी बसायचं, कुणी हरून आलं तर त्याच्यासोबत फाटकापर्यंत चालत जायचं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

उद्या किल्लीच्या तीन नकला काढून घ्या. आणि त्या मुलाला फोन करून टपरीवर बोलवा. वही सोबत न्या. 3,200 चा विषय तुम्ही काढू नका. वही समोर ठेवा, चहा सांगा आणि मनात आकडे मोजत बसा.